सरोवरे, माती आणि द्राक्षवेल : न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्स प्रदेशाचा ऐतिहासिक विचार

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम-मध्य भागात दक्षिणोत्तर पसरलेली अकरा लांबट सरोवरे ‘फिंगर लेक्स’ या नावाने ओळखली जातात. हिमयुगात हिमनद्यांनी जुनी नदीखोरी खोल कोरल्याने ती निर्माण झाली. त्यांपैकी सेनेका सरोवराची कमाल खोली सुमारे १८८ मीटर, तर कायुगाची सुमारे १३२ मीटर आहे. या खोलीचा द्राक्षशेतीशी थेट संबंध आहे. उन्हाळ्यात साठविलेली उष्णता हे पाणी हिवाळ्यात सावकाश सोडते. सेनेका क्वचितच पूर्ण गोठते. वसंतात मात्र थंड पाण्यामुळे काठावरील वेलींचे डोळे उशिरा फुटतात आणि अखेरच्या गोठणाऱ्या रात्रींतून बचावतात. उतारावरील जड थंड हवा खाली सरोवराकडे निघून जाते. माती सर्वत्र सारखी नाही. शेल खडकावर हिमनद्यांनी टाकलेला गोटेमिश्रित गाळ येथे पसरला असून उत्तरेकडे चुन्याचे प्रमाण अधिक, तर दक्षिणेकडे माती आम्ल आहे.

या काठांची फलदायकता गोऱ्या वसाहतकारांनी प्रथम ओळखली, असे मात्र नव्हे. १७७९ मध्ये सलिव्हनच्या सैन्याने सेनेका व कायुगा लोकांची गावे जाळली, तेव्हा त्यांच्या फळबागाही तोडल्या. द्राक्षांचा ज्ञात आरंभ त्यानंतरचा आहे. १८२९ मध्ये विल्यम बॉस्टविक या धर्मोपदेशकाने हॅमंड्सपोर्ट येथे वेली लावल्या आणि १८६० मध्ये तेथेच प्लेझंट व्हॅली वाइन कंपनी स्थापन झाली. पुढे शतकभर कॅटॉबा, कॉन्कॉर्ड अशा अमेरिकी वाणांचेच राज्य होते. युरोपीय ‘व्हिनिफेरा’ वेल येथील थंडीत जगत नाही, हे जणू सिद्ध सत्य मानले गेले.

वस्तुतः ती समजूत अपुऱ्या निरीक्षणावर उभी होती. युक्रेनमधून १९५१ मध्ये आलेले डॉ. कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी मायदेशी याहून कडक हिवाळ्यात व्हिनिफेरा वाढविली होती. दोष थंडीचा नसून अयोग्य खुंटाचा आहे, असे त्यांचे म्हणणे. जिनिव्हा येथील कृषी संशोधन केंद्रात त्यांच्या वाट्याला साधी मजुरी आली. १९५३ मध्ये गोल्ड सील कंपनीचे फ्रेंच प्रमुख चार्ल्स फुर्निए यांनी त्यांना संधी दिली, आणि वेगवेगळ्या खुंटांवर हजारो कलमे बांधली गेली. १९५७ च्या फेब्रुवारीतील भीषण थंडीत अनेक अमेरिकी वेलींची हानी झाली; फ्रँक यांच्या रिसलिंग व शार्डने वेली मात्र त्याच वर्षी फळल्या. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची वाइनरी उभारली. संकरित वाणांविषयीचा त्यांचा तिटकारा मात्र अतिरेकी होता. जिनिव्हा केंद्राने १९७२ मध्ये प्रसृत केलेला ‘कायुगा व्हाइट’ हा संकरित वाण याच प्रदेशात रुजला.

सरोवरे व माती तीच असताना प्रदेशाचे रूप बदलले, ते खुंटाच्या निवडीने आणि काही अंशी कायद्याने. १९७६ च्या फार्म वाइनरी कायद्यामुळे लहान बागायतदारास स्वतःची वाइन बनवून थेट विकणे परवडू लागले. तरीही सरोवराची मर्यादा सुटलेली नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे तापमान गोठणबिंदूखाली गेले, तेव्हा नुकतेच फुटलेले कोंब अनेक बागांत करपले. पाण्यापासून दूर व उंचावर असलेल्या बागांना त्याची झळ अधिक बसली.