डिक्कीतली पेटी आणि रेडिओमागचे सॉकेट

मोटारीतल्या संगीताचा इतिहास सांगताना सीडी चेंजरला बहुधा दोन ओळींत निरोप दिला जातो. कॅसेट गेली, सीडी आली, पाठोपाठ आयपॉड आणि फोन आले. मधल्या काळात काही गाड्यांच्या डिक्कीत तबकड्यांची एक जड पेटी होती, एवढेच. मला हा हिशेब अपुरा वाटतो. पेटी लवकर कालबाह्य झाली हे खरे. पण ती जोडण्यासाठी रेडिओच्या पाठीमागे जे सॉकेट आले, त्यातून बाहेरचे यंत्र रेडिओला आपला आवाज देऊ लागले आणि रेडिओची बटणे त्या यंत्रावर हुकूम चालवू लागली. तबकड्या मागे पडल्यावरही नवी उपकरणे जुन्या गाड्यांत शिरली ती याच वाटेने. चेंजरचे खरे महत्त्व त्या वाटेत आहे.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी बाजारात आली आणि १९८४ मध्ये पायोनियर आणि सोनी यांनी मोटारीसाठी सीडी प्लेअर काढले. घरात स्थिर बसणाऱ्या यंत्राला गाडीतले हादरे, ऊन आणि धूळ सोसावी लागणार होती. शिवाय एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे संगीत आणि चालवता चालवता ती बदलणे धोक्याचे. त्यावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उपाय निघाला तो सहा, दहा किंवा बारा तबकड्या मावणाऱ्या मॅगझिनचा. पेटी डिक्कीत आणि बटणे पुढे. अमेरिका-युरोपात ती बसवणे हा एक स्वतंत्र उद्योगच झाला. क्रचफिल्डसारखी कंपनी १९७४ पासून टपालाने कार स्टिरिओ विकत होती; तिचे कॅटलॉग वाचून लोक सुटीच्या दिवशी घरच्या घरी गाडी उघडत. वाहतुकीसाठी लावलेले स्क्रू आधी काढायचे, पेटी आडवी बसणार की उभी त्याप्रमाणे आतल्या स्प्रिंगची जागा बदलायची आणि केबल गालिच्याखालून डॅशबोर्डपर्यंत न्यायची. यातले एक विसरले तरी खड्ड्यागणिक गाणे तुटायचे. पुढे चेंजरमध्ये मेमरी आली. यंत्र काही सेकंदांचे संगीत आधीच वाचून ठेवू लागले आणि हा त्रास बराच कमी झाला.

केबल डॅशबोर्डपर्यंत आली की खरा प्रश्न उभा राही. रेडिओ बदलून चेंजरच्याच कंपनीचा घेतला तर काम सोपे. पण १९९०च्या दशकात गाडी बनवणारे रेडिओला डॅशबोर्डमध्ये विरघळवू लागले होते. १९९६च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि वातानुकूलनाची बटणे एकाच लंबगोल फलकात होती. तिथे १८० बाय ५० मिलिमीटरचा नेहमीचा रेडिओ बसवायला जागाच नव्हती. अशा मालकांसाठी एफएम मॉड्युलेटर होता. अँटेनाच्या वायरमध्ये तो जोडायचा, म्हणजे चेंजरचा आवाज रेडिओला एखाद्या स्टेशनसारखा ऐकू येई. किंमत मात्र कानांना मोजावी लागे. एफएमवर सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर जात नाहीत, सीडीवर ते २० किलोहर्ट्झपर्यंत असतात. तरीही लोकांनी तो घेतला, कारण कारखान्यातून आलेली गाडी जशी आहे तशी मान्य करायला ते तयार नव्हते. ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या सॉकेटचे मी कौतुक करतो आहे ते मुळात ग्राहकाला बांधून ठेवण्यासाठी होते. सोनीची युनिलिंक, पायोनियरची आयपी-बस, अल्पाइनची आय-नेट, क्लॅरियनची सीनेट: एकाचा चेंजर दुसऱ्याच्या रेडिओशी बोलत नसे. आयएसओ १०४८७ या प्रमाणात चेंजरसाठी वेगळा कनेक्टरसुद्धा ठरला होता, पण ठरला तो खाचांचा आकार. त्यातून जाणारे संकेत ज्याचे त्याचे राहिले. हे सगळे कबूल. पण कंपनीचा हेतू एक आणि वस्तूचा उपयोग दुसरा, असे तंत्रज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. संकेत गुप्त असले तरी तारेतून जाणारे ठोके मोजता येतात, आणि ते मोजणारे निघाले. फोक्सवॅगनचे अनेक रेडिओ चेंजर जोडल्याचा संकेत मिळाल्याशिवाय त्या सॉकेटमधला आवाज घेत नसत. हौशी मंडळींनी आणि छोट्या उत्पादकांनी तो संकेत ओळखून त्याची नक्कल करणाऱ्या चिमुकल्या पाट्या बनवल्या आणि रेडिओला नसलेला चेंजर दिसू लागला.

२००४ मध्ये बीएमडब्ल्यू आणि ॲपलने मिळून आयपॉड जोडण्याची सोय केली, तीही याच युक्तीने. प्लेलिस्टना ठरावीक नावे द्यायची आणि रेडिओवरच्या तबकडीच्या आकड्यांनी त्या निवडायच्या. गाडीच्या लेखी तो चेंजरच होता. कोणी म्हणेल, ऑक्स जॅकने हे काम झालेच असते. नसते झाले. ऑक्समधून फक्त आवाज येतो, पुढचे गाणे लावायला हात उपकरणाकडेच न्यावा लागतो. शिवाय त्या काळातल्या कितीतरी गाड्यांच्या मूळ रेडिओला ऑक्स नव्हताच.

भारतात चेंजर फारसा रुजला नाही, आणि त्याचे कारण माझ्या म्हणण्याला बळच देते. आपल्याकडे साध्या गाड्या बराच काळ स्टिरिओशिवायच विकल्या जात. सगळी यंत्रणा ॲक्सेसरीजच्या दुकानातून येई, त्यामुळे कंपनीच्या रेडिओत वाट काढायची गरजच पडत नसे. कॅसेट स्वस्त होती, आणि ती मागे पडू लागली तेव्हा एमपी३ सीडी आली. १२८ केबीपीएसने भरलेल्या ७०० एमबीच्या एका तबकडीवर सुमारे बारा तासांची गाणी मावतात. दहा सीडींचा अख्खा चेंजर तेवढाच वेळ वाजतो.

आता आपल्याकडच्या गाड्यांतही पडदा डॅशबोर्डमध्येच घडवलेला असतो आणि रिव्हर्स कॅमेऱ्यापासून वातानुकूलनापर्यंत बरेच काही त्याला बांधलेले असते. तो काढून दुसरा बसवणे अवघड, म्हणून वाट पुन्हा आहे त्या पोर्टमधूनच काढावी लागते. वायरने चालणारे कारप्ले बिनवायरचे करणारे डोंगल यूएसबीत खोचले की ते गाडीला आपण वायरने जोडलेला फोन असल्याचे भासवते.