पादुवाची आकडेवारी : तरुण खेळाडूंचं हृदय आणि पुराव्याचा प्रश्न

गेल्या वेळी आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो आणि काकतालीय न्यायापाशी थांबलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून फांदी कावळ्यानं मोडली असं ठरत नाही. आज हाच न्याय वैद्यकाच्या इतिहासातल्या एका प्रकरणाला लावून बघू. प्रश्न साधा आहे. धडधाकट, तरुण खेळाडू मैदानातच कोसळून मरतो. त्याचं हृदय आधी तपासलं असतं, तर तो वाचला असता का?

30 ऑक्टोबर 1977 रोजी इटलीत युव्हेन्टसविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात पेरुजा संघाचा रेनातो कुरी मैदानात कोसळला आणि गेला. वय 24. तिथल्या स्टेडियमला आज त्याचंच नाव आहे. खेळाडूंच्या तपासणीचा कायदा इटलीत 1971 पासून होताच. पण 1982 च्या आदेशानं त्याला खरे दात आले. स्पर्धेत उतरायचं तर घराण्यातल्या आजारांची चौकशी, अंगतपासणी आणि ईसीजी, हे सगळं सक्तीचं. डॉक्टरचं प्रमाणपत्र नाही, तर खेळ नाही.

या कायद्याचा हिशेब मांडला तो पादुवानं, आणि त्यात नवल नाही. अठराव्या शतकात मोर्गान्यी याच विद्यापीठात शिकवत होता. आजार शरीरात नेमका कुठे बसलाय हे शवविच्छेदन करून शोधावं, हा त्याचा आग्रह. त्याचा मोठा ग्रंथ 1761 चा. तीच परंपरा पुढे नेत 1988 मध्ये गाएतानो तिएने आणि सहकाऱ्यांनी त्या भागात अचानक मेलेल्या तरुणांची हृदयं तपासून दाखवली. काहींच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात स्नायूची जागा चरबीनं आणि तंतूंनी घेतली होती. असा माणूस एरवी ठणठणीत दिसतो, बरं का. जोरात धावताना मात्र हृदयाचा ताल बिघडतो आणि काही मिनिटांत खेळ संपतो.

मग 2006 मध्ये दोमेनिको कोरादो आणि मंडळींचा निबंध आला. व्हेनेतो प्रांतात 1979-80 साली दर लाख खेळाडूंमागे वर्षाला 3.6 जण असे मरत होते. 2003-04 पर्यंत हा आकडा 0.4 वर आला, म्हणजे 89 टक्के घट. त्याच प्रांतातल्या, न तपासलेल्या बिगरखेळाडू तरुणांमध्ये मात्र फारसा फरक पडला नव्हता. पुरावा वजनदार आहे, यात शंका नाही.

आता इस्रायलकडे बघा. तिथे 1997 मध्ये असाच कायदा झाला. पुढे संशोधकांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मृत्यू मोजले. कायद्याआधीच्या दशकात दर लाखामागे वर्षाला 2.54, नंतरच्या दशकात 2.66. फरक शून्य म्हणा ना! पण खरी गोम पुढेच आहे. कायद्याच्या अगदी आधीच्या दोन वर्षांत हाच दर 8.4 होता. तुलना फक्त त्या दोन वर्षांशी केली असती, तर कायदा चमत्कार ठरला असता. आणि कायदे होतात कधी? लागोपाठ तरुण पोरं गेली, लोक हळहळले, पेपरांत मथळे आले की होतात. त्यानंतर आकडा बहुतेक वेळा आपोआपच खाली येतो. आपला कावळा नेमका त्याच वेळी येऊन बसतो.

पादुवालाही हीच शंका विचारली गेली: सुरुवातीची दोन वर्षंच जास्त वाईट असतील तर? अमेरिकेत देशपातळीवर ईसीजीची सक्ती नाही. तरी मिनेसोटा राज्यातला तरुण खेळाडूंचा मृत्युदर नंतरच्या काळात व्हेनेतोच्या जवळपासच निघाला. वाद अजून मिटलेला नाही. आम्हाला स्वतःला पादुवाचं काम इस्रायलच्या मोजणीपेक्षा भक्कम वाटतं, कारण मृत्यू वर्तमानपत्रात शोधणं आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर शोधणं यात अंतर आहे. पण भक्कम म्हणजे निर्णायक नव्हे.

तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक दुसरीच गोष्ट जास्त टोचते. पादुवाच्या केंद्रात 42,386 खेळाडू तपासले गेले, आणि त्यांतल्या 879 जणांना हृदयाच्या कारणानं खेळायला मनाई झाली. यांतले किती जण खेळत राहिले असते तर मेले असते? काही मोजके. पण कोणते, हे कुणालाच सांगता येणार नाही, त्या पोरांना तर नाहीच. जो वाचला त्याला आपण वाचलो हे कळत नाही, आणि ज्याचा खेळ विनाकारण सुटला त्यालाही ते कळत नाही.

न्वांक्वो कानूची गोष्ट त्या मानानं सरळ आहे. 1996 मध्ये नायजेरियाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देऊन तो मिलानच्या इंटर क्लबात आला. तिथल्या तपासणीत महाधमनीच्या झडपेतला दोष सापडला, शस्त्रक्रिया झाली, आणि तो पुढे कितीतरी वर्षं खेळला. पण इंग्लंडमध्ये 1996 ते 2016 या काळात 11,168 किशोरवयीन फुटबॉलपटू तपासले गेले. पुढे त्यांतले आठ जण हृदयविकारानं अचानक गेले. त्या आठांपैकी सहा जणांच्या तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. म्हणून आमचं मत असं: तपासणी जरूर करा, पण मैदानावर विजेचा झटका देणारं यंत्र आणि छाती दाबता येणारी चार माणसं आधी हवीत.

12 जून 2021 ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन कोसळला, तो अशाच माणसांमुळे वाचला. त्याच्याही तपासण्या वेळोवेळी झालेल्या होत्या. नंतर त्याच्या छातीत छोटं यंत्र बसवलं. इटलीच्या नियमांत असं यंत्र घेऊन खेळता येत नाही, म्हणून इंटरशी त्याचा करार संपला. साधारण दीड महिन्यानं तो इंग्लंडमधल्या ब्रेंटफर्डकडे गेला आणि तेच यंत्र छातीत घेऊन पुन्हा खेळू लागला.