नाणे, कंत्राट आणि एक हंगाम : मिलवॉकी बक्स, 1969-70

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूने कोणत्या शहरात खेळायचे, हे तो स्वतः ठरवत नाही. दरवर्षी सर्व संघ ठरलेल्या क्रमाने नव्या खेळाडूंची निवड करतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात, आणि ड्राफ्टमधून येऊन पहिला हंगाम खेळणाऱ्या नवोदिताला ‘रूकी’. संघांचे बळ सारखे राहावे म्हणून ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला निवडीचा पहिला मान, असे या पद्धतीचे तत्त्व आहे. 1966 पासून ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’मध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, पूर्व आणि पश्चिम विभागांत तळाला राहिलेल्या दोन संघांमध्ये नाणेफेक होई आणि जिंकणारा पहिली निवड करी. 1985 मध्ये सोडत सुरू होईपर्यंत हाच रिवाज होता. या रिवाजाने ज्यांचे नशीब सर्वांत ठळकपणे पालटले त्या संघांत मिलवॉकी बक्सचे नाव आधी घ्यावे लागते, आणि त्यांचा 1969-70चा हंगाम इतिहासात बहुधा नाण्याची करामत म्हणूनच सांगितला जातो. तो हंगाम नीट पाहिला तर मात्र दुसराच प्रश्न पुढे येतो : खेळाडूच्या आयुष्याचा निर्णय कोणाच्या हाती असतो?

मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातील, मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरील शहर असून जर्मन वंशाच्या स्थलांतरितांनी उभारलेले बिअरचे कारखाने आणि यंत्रनिर्मितीचे अवजड उद्योग यांवर त्याची भरभराट झाली होती. 1970च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 7 लाखांहून थोडी अधिक होती. खेळांच्या बाबतीत या शहराला दोनदा चटका बसला होता. ‘हॉक्स’ हा बास्केटबॉल संघ 1951 पासून चार हंगाम येथे खेळला, 1955 मध्ये सेंट लुइसला गेला आणि तेथे तीनच वर्षांत एनबीएचे विजेतेपद मिळवून बसला. 1957 मध्ये बेसबॉलचे जागतिक अजिंक्यपद मिळवून देणारा ‘ब्रेव्हज’ संघ 1965च्या हंगामानंतर अटलांटाला हलवण्यात आला. अमेरिकेत संघ ही खासगी मालमत्ता असते आणि मालकाला दुसऱ्या शहरात अधिक लाभ दिसला की तो संघ उचलून नेतो, हे मिलवॉकीकर अनुभवाने शिकले होते. त्यामुळे 22 जानेवारी 1968 रोजी वेस्ली पॅव्हलॉन आणि मार्व्हिन फिशमन यांच्या गटाला एनबीएने नव्या संघाची फ्रँचायझी, म्हणजे त्या शहरात संघ चालवण्याचा परवाना, दिला तेव्हा ती बातमी गेलेली वस्तू परत मिळावी तशी स्वीकारली गेली. संघाचे नाव नागरिकांकडून मागवण्यात आले आणि शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या या राज्याला साजेसे ‘बक्स’, म्हणजे नर हरणे, हे नाव ठरले. परवाना मिळण्याच्या त्याच सुमारास ॲरिझोनातील फिनिक्स शहरालाही संघ मिळाला, आणि या दोन भावंडांची गाठ पुढे लवकरच पडायची होती.

त्या जानेवारीत मिलवॉकीच्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट घडत होती, आणि तिच्यावाचून पुढचा इतिहास अपुरा राहतो. शहरातील कृष्णवर्णीयांना बहुतेक वस्त्यांत घर विकत किंवा भाड्याने मिळत नसे. ही भिंत मोडावी म्हणून नगरसेविका वेल फिलिप्स यांनी 1962 पासून पुन्हा पुन्हा मांडलेला ठराव नगरपरिषदेने फेटाळला होता. 28 ऑगस्ट 1967 पासून कॅथलिक धर्मगुरू जेम्स ग्रॉपी आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेने सलग 200 रात्री मोर्चे काढले. कृष्णवर्णीयांच्या उत्तर भागातून गोऱ्यांच्या दक्षिण भागाकडे जाणारा सोळाव्या रस्त्यावरचा पूल ओलांडताना त्यांच्यावर दगड आणि बाटल्या फेकल्या गेल्या. बक्सला परवाना मिळाला तेव्हा हे मोर्चे चालूच होते. अखेर एप्रिल 1968च्या शेवटच्या दिवशी घरांविषयीचा कायदा संमत झाला. ज्या शहराने दीड वर्षाने एका कृष्णवर्णीय तरुणाला डोक्यावर घेतले ते शहर असे होते.

संघाचा पहिला हंगाम नव्या संघाचा असतो तसाच गेला. इतर संघांनी सोडलेल्या खेळाडूंमधून नव्या संघाला भरती करू देतात, त्या भरतीत सान डिएगोकडून नेमबाज जॉन मॅक्ग्लॉकलिन आणि बॉस्टनकडून अनुभवी वेन एम्ब्री आले. प्रशिक्षक म्हणून लॅरी कॉस्टेलो यांची नेमणूक झाली. दोन्ही हातांनी छातीसमोरून चेंडू फेकण्याची जुनी पद्धत जपणाऱ्या अखेरच्या खेळाडूंपैकी ते एक होते, आणि शिस्त व पूर्वनियोजित चाली यांवर त्यांचा विलक्षण भर असे. 16 ऑक्टोबर 1968 रोजी मिलवॉकी अरीनामध्ये पहिला सामना झाला आणि शिकागोकडून 84-89 अशी हार पत्करावी लागली. 82 सामन्यांत 27 विजय आणि 55 पराभव अशी वर्षअखेरची नोंद आहे. पश्चिम विभागात फिनिक्सने तर अवघे 16 सामने जिंकले. अशा रीतीने दोन्ही नवी भावंडे तळाला आली आणि नाणेफेकीस पात्र ठरली.

या वेळी नाण्यामागे कोण उभे आहे हे सर्वांना ठाऊक होते. फर्डिनांड लुइस अल्सिंडर, लोकांच्या तोंडी ‘ल्यू’, यांचा जन्म 16 एप्रिल 1947 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. 7 फूट 2 इंच उंचीच्या या तरुणाने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी, जॉन वुडन यांच्या मार्गदर्शनाखाली, तीन हंगामांत 88 सामने जिंकले आणि फक्त 2 गमावले. 1967, 1968 आणि 1969 अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. पहिल्या हंगामानंतर महाविद्यालयीन खेळाच्या नियामकांनी ‘डंक’वर, म्हणजे रिंगेच्या वरून चेंडू हातानेच आत कोंबण्यावर, बंदी घातली आणि ती जवळपास दहा वर्षे टिकली. ही बंदी त्यांच्यासाठीच आहे असे तेव्हा सर्रास मानले गेले. 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये देशासाठी खेळण्यास त्यांनी वर्णभेदाच्या निषेधार्थ नकार दिला होता आणि त्याच वर्षी इस्लाम स्वीकारला होता. एकवीस वर्षांचा हा तरुण उत्तम खेळाडू तर होताच, पण आपल्या आयुष्याविषयी स्वतः विचार करणारा माणूसही होता, ही गोष्ट त्याच्या उंचीइतकी मोजली गेली नाही.

19 मार्च 1969 रोजी एनबीएचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या कार्यालयात अर्ध्या डॉलरचे नाणे उडवले. दोन्ही संघांचे अधिकारी आपापल्या शहरात दूरध्वनी कानाला लावून बसले होते. फिनिक्समधील वृत्तपत्राने वाचकांचा कौल घेतला होता आणि त्यानुसार त्यांनी छापा मागितला. पडला काटा. मिलवॉकीत पॅव्हलॉन यांनी आनंदाच्या भरात महाव्यवस्थापक जॉन एरिक्सन यांना मिठी मारली आणि त्यांच्या हातातील जळती सिगारेट एरिक्सन यांच्या कानाला लागली. आपल्याला भाजले हे एरिक्सन यांना त्या धांदलीत लगेच कळलेही नाही, असे पुढे सांगितले जाई. मात्र ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो या संभाषणात कोठेही नव्हता.

त्याला बोलण्याची संधी मिळाली ती निराळ्या कारणाने. 1967 मध्ये ‘अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन’ ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली होती आणि तिच्या न्यूयॉर्क नेट्स संघालाही अल्सिंडर हवे होते. एरवी ड्राफ्टमध्ये निवडल्या गेलेल्या खेळाडूपुढे एकच दार असे. येथे दोन होती. अल्सिंडर यांनी दोन्ही बाजूंना सांगितले की प्रत्येकाने एकच प्रस्ताव द्यावा, घासाघीस होणार नाही. बक्सचा प्रस्ताव, पाच वर्षांसाठी सुमारे 14 लाख डॉलरचा, सरस ठरला. त्यानंतर प्रतिस्पर्ध्यांनी तो आकडा दुपटीहून पुढे, सुमारे 32 लाखांवर नेला, तरी अल्सिंडर यांनी दिलेला शब्द मोडला नाही. जन्मगावी, दुपटीहून अधिक पैशांत खेळण्याची संधी त्यांनी केवळ वचनापोटी सोडली. नाणेफेकीची गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांनी या नकाराला तेवढीच जागा द्यायला हवी होती, कारण मिलवॉकीला हा खेळाडू खऱ्या अर्थाने याच क्षणी मिळाला.

18 ऑक्टोबर 1969 रोजी डेट्रॉइटविरुद्ध पहिल्याच सामन्यात अल्सिंडर यांनी 29 गुण आणि 12 रिबाउंड नोंदवले (नेम चुकून रिंगेवरून उसळलेला चेंडू ताब्यात घेणे म्हणजे रिबाउंड) आणि बक्सने 119-110 असा विजय मिळवला. हंगामाच्या अखेरीस त्यांची सरासरी दर सामन्याला 28.8 गुण आणि 14.5 रिबाउंड अशी होती. सरासरी गुणांत केवळ लॉस एंजेलिसचे जेरी वेस्ट त्यांच्या पुढे होते. वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्यांना मिळणे ओघानेच आले. संघाने 56 सामने जिंकले आणि 26 गमावले, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 29 विजय अधिक, आणि पूर्व विभागात दुसरे स्थान पटकावले. ओळीने विजेतेपदे मिळवणाऱ्या बॉस्टनचे बिल रसेल नुकतेच निवृत्त झाले होते आणि रिंगेखाली त्यांची जागा रिकामी होती, हेही खरे. पण श्रेय एकट्याचे नव्हते. फ्लिन रॉबिन्सन यांनी सरासरी 21.8 आणि मॅक्ग्लॉकलिन यांनी 17.6 गुण मिळवले, आणि नॉरफोक स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून चौथ्या फेरीत निवडलेले बॉब डँड्रिज हे दुसरे नवोदित 13 गुणांच्या सरासरीने पुढे आले. ज्याच्यासाठी कोणी नाणे उडवले नव्हते अशा या खेळाडूने बक्सची पुढची अनेक वर्षे सावरली.

अल्सिंडर यांचे मुख्य अस्त्र पाहण्याजोगे होते. रिंगेकडे पाठ करून ते चेंडू घेत, डाव्या पायावर वळत डावा खांदा प्रतिस्पर्ध्याकडे करत, आणि उजवा हात बाजूने वर नेत पूर्ण ताणला गेल्यावर, उडीच्या सर्वोच्च बिंदूवर, केवळ मनगटाच्या झटक्याने चेंडू सोडत. चेंडू आणि अडवणारा यांच्यामध्ये त्यांचे सबंध शरीर येई, त्यामुळे हात कितीही लांब असला तरी तो चेंडूपर्यंत पोचत नसे. हा ‘हुक’ फटका जुनाच होता. इतक्या उंचीवरून तो घेणारा मात्र नवा होता. संघाचे नभोवाणी समालोचक एडी डुसेट यांनी त्याला ‘स्कायहुक’ हे नाव दिले. डंकवरील बंदीमुळे विद्यापीठात या फटक्यावर अधिक मेहनत घ्यावी लागली, म्हणजे ज्या नियमाने त्यांना रोखायचे होते त्यानेच त्यांचे अस्त्र पाजळले.

बाद फेरीत दोन संघांमध्ये सात सामन्यांची मालिका होते आणि चार जिंकणारा पुढे जातो. फिलाडेल्फियाला बक्सने 4-1 असे हरवले; मग गाठ पडली न्यूयॉर्क निक्सशी. विलिस रीड यांच्या नेतृत्वाखालील हा संघ एका खेळाडूवर विसंबणारा नव्हता; पाचही जण चेंडू फिरवत आणि पाचही जण बचावाला एकमेकांच्या मदतीस धावत. दुसरा सामना बक्सने एका गुणाने, 111-112 असा, गमावला. मालिकेत अल्सिंडर यांची सरासरी 34 गुणांच्या वर राहूनही निक्सने ती 4-1 अशी जिंकली. 20 एप्रिल 1970 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा सामना 96-132 असा हातून जात असताना न्यूयॉर्कचे प्रेक्षक आपल्याच शहरात वाढलेल्या या तरुणाला गाणे म्हणून टवाळीचा निरोप देत होते. चौतीस गुण काढणारा माणूस संघात असूनही मालिका इतकी एकतर्फी व्हावी, हाच त्या हंगामाचा खरा धडा होता, आणि तो बक्सने एका दिवसात गिरवला.

21 एप्रिल रोजी त्यांनी फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉक यांना देऊन सिनसिनाटीकडून ऑस्कर रॉबर्टसन यांना घेतले. एकतीस वर्षांचे रॉबर्टसन हे त्या काळातील सर्वश्रेष्ठ गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारे खेळाडू, मानले जात. बदलीला नकार देण्याचा हक्क त्यांनी आपल्या करारात मिळवलेला होता आणि त्याआधी बाल्टिमोरला जाण्यास त्यांनी नकारही दिला होता. मिलवॉकीला ते आपल्या संमतीने आले. त्याच एप्रिलमध्ये खेळाडू संघटनेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी एनबीएविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला होता. एनबीए आणि तिची प्रतिस्पर्धी संघटना यांचे विलीनीकरण झाल्यास खेळाडूंपुढचे दुसरे दार बंद होईल, आणि ड्राफ्ट व खेळाडूला एका संघाशी कायमचे बांधणारी कलमे अन्यायकारक आहेत, असे त्यात मांडले होते. 1976 मध्ये झालेल्या तडजोडीने करार संपलेल्या खेळाडूला संघ बदलण्याची वाट मोकळी झाली. आज जगभर गाजणाऱ्या करारांचा उगम या दाव्यात आहे, आणि मिलवॉकीच्या विजयाइतकेच त्याचेही स्मरण व्हायला हवे.

1970-71 मध्ये बक्सने 66 सामने जिंकले, अंतिम मालिकेत बाल्टिमोरला 4-0 असे नमवले आणि 30 एप्रिल 1971 रोजी, स्थापनेनंतरच्या तिसऱ्याच हंगामात, विजेतेपद मिळवले. त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्सिंडर यांनी करीम अब्दुल-जब्बार हे नाव जाहीरपणे धारण केले. मिलवॉकीविषयी त्यांनी कधी कटुता दाखवली नाही, पण आपल्या धर्माला आणि संस्कृतीला तेथे पुरेशी सोबत नाही असे सांगून त्यांनी बदली मागितली, आणि 1975 मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. पहिल्या वेळी शहर नाण्याने ठरवले होते. या वेळी आपल्याला कोठे जायचे आहे हे त्यांनी स्वतः सांगितले होते. बक्सला पुढचे विजेतेपद मिळायला 2021 साल उजाडावे लागले. ल्यू अल्सिंडर या नावाने त्या पहिल्या हंगामात केलेले 2,361 गुण आज करीम अब्दुल-जब्बार यांच्या कारकिर्दीतील 38,387 गुणांमध्ये मोजले जातात.