कुलाब्याची साक्ष

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन ह्या ज्योतिर्विदास सूर्यबिंबावर प्रखर तेज चमकतांना दिसलें. दुसऱ्याच दिवशीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा आडवा अंश सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याची नोंद झाली. त्या वेळीं तारायंत्रेंच काय तीं बिघडलीं. परंतु १९८९ च्या मार्चांत अशाच वादळानें लांब वीजवाहिन्यांत भलताच प्रवाह शिरून कॅनडांतील क्यूबेक प्रांत नऊ तास अंधारांत राहिला.

आमच्या तीर्थपुरींत पूर्वीं वीज नव्हती, पण विहिरीवर मोट होती. आज मोट गेली आणि पाणी तारेवर विसंबलें. २०२३ सालीं आकाशांत गेलेलें ‘आदित्य-एल१’ हें यान सूर्यावर पहारा ठेवीत आहे खरें. मात्र इशारा मिळतांच घागर भरून ठेवणें हें काम आपलेंच आहे.