हमाल आणि हक्क

'हमाल' हा शब्द मुळात अरबी. 'हम्ल' म्हणजे ओझे आणि ते वाहणारा तो हम्माल. मराठीत येताना शब्दातला एक म गळाला, ओझे मात्र तसेच राहिले. 'हक्क' हा शब्दही अरबीच. दोन्ही शब्द मराठीत शेकडो वर्षे शेजारी नांदले. पण पुण्याच्या बाजारात 'हमालाचा हक्क' असे एका दमात म्हणायला १९५५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली.

तेव्हा भुसार बाजार नाना-भवानी पेठांत होता. पुढे तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरला हमालांचे जिणे जवळून दिसत होते. पोते शंभर किलोचे, मजुरी मालक ठरवील ती, आणि पाठ मोडली की काम सुटले. मालक सगळेच निर्दय नव्हते. कुणी सणाला पोस्त देई, कुणी मुलीच्या लग्नाला उचल देई. पण ती मेहेरबानी होती, आणि मेहेरबानीची किल्ली देणाऱ्याच्या खिशात असते.

घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी चुकती करावी, ही शिकवण आपण मशिदीत लहानपणापासून ऐकत आलो. ती पाळली तर आजची संध्याकाळ भागते. पण साठीत खांदा उतरल्यावर काय? या प्रश्नाला महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर दिले. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा, अशा अनेकांच्या लढ्यांचे ते फळ. कायद्याची रचना साधी आहे. हमाल आणि व्यापारी दोघांनीही मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा. ज्याला ठरलेला एक मालक नाही, त्यालाही कायम कामगारासारखे संरक्षण मिळाले. पुढे पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्यासाठीही दीर्घ लढा द्यावा लागला.

पंचायत केवळ मागण्यांवर थांबली नाही. १९७४ साली तिने 'कष्टाची भाकर' सुरू केली. कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात भाकरी-भाजी. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ही खैरात नाही. खाणारा पैसे देतो, म्हणून मान वर करून जेवतो. मार्केट यार्डाजवळ हमालनगर वसले, त्यामागेही हीच दृष्टी होती. बोजा वाहणाऱ्याला त्याच शहरात हक्काचे छप्पर हवे.

या विचाराचे मूळ महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात, १८७३ मध्ये सापडते. जोतीरावांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' ही कविता लिहिली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. १९७० साली पुण्यातच हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले, त्या नावातही तोच वारसा. दलवाईंची सगळी मते आपल्याला पटोत वा न पटोत, माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरू नये, हा धागा सामाईक आहे. याच बाबांनी १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा'साठी गावे पालथी घातली. बाजारात ज्याच्या खांद्यावरचे पोते चालते, त्याचा हात गावच्या विहिरीला का चालू नये?

८ डिसेंबर २०२५ रोजी बाबा गेले. त्याआधी २०२३ मध्ये माथाडी कायदा बदलणारे विधेयक आले, तेव्हा राज्यभरच्या हमाल संघटनांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले होते. मिळालेला हक्कही राखावा लागतो, नाहीतर त्याची पुन्हा मेहेरबानी होते.

आपल्या समाजातही हातगाडीवाले, भंगारवाले, हमाल, मजूर पुष्कळ. जकात आणि सदका आपण देतो, द्यावाच. पण देताना स्वतःला एक प्रश्न विचारावा. या माणसाला पुढल्या रमजानला पुन्हा हात पसरावा लागू नये, म्हणून आपण काय केले? मार्केट यार्डातल्या हमालांनी आपल्यापुरते त्याचे उत्तर शोधले. त्यांनी दाता शोधला नाही, पंचायत उभी केली.