चूक माणसाची, भरपाई मालकाची: कायदा असं का म्हणतो?

समजा, पिंपळगाव राजाच्या एका कापूस व्यापाऱ्याचा माणूस मालकाची पिकअप घेऊन खामगावला निघाला. वाटेत त्याने बेफाम गाडी चालवून एका दुचाकीस्वाराला उडवलं. जखमीच्या घरचे व्यापाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, "गाडी मी चालवत नव्हतो. त्याच्याकडूनच पैसे घ्या."

हे उत्तर कोर्टात टिकतं का? बहुतेक वेळा नाही.

नियम काय आहे?

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 182 नुसार दुसऱ्यासाठी काम करणारा किंवा त्याच्या वतीने इतरांशी व्यवहार करणारा म्हणजे एजंट. असा एजंट किंवा पगारी नोकर मालकाचं काम करताना हलगर्जीपणा करतो आणि तिसऱ्याचं नुकसान होतं, तेव्हा मालकही भरपाईला जबाबदार ठरतो. याला 'व्हायकेरियस लायबिलिटी' म्हणतात. हा नियम मुख्यतः कोर्टांच्या निकालांतून घडला आहे.

यामागचं कारण साधं आहे. माणूस मालकाने नेमला, कामाचा फायदा मालकाला होतो, मग त्या कामातली जोखीमही त्याचीच.

पण चूक करणारा यातून सुटत नाही. दावा दोघांवरही करता येतो. एजंटच्या निष्काळजीपणामुळे मालकाचं थेट नुकसान झालं, तर कलम 212 नुसार मालक त्याच्याकडून भरपाई मागू शकतो. बेदरकार गाडी चालवल्याचा फौजदारी गुन्हा मात्र चालकावरच असतो.

नागपूर-पांढुर्णा रस्त्यावरचा खटला

18 डिसेंबर 1960 रोजी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनीची कार नागपूरहून पांढुर्ण्याला निघाली होती. गाडी कंपनीचा मॅनेजर चालवत होता. ती रस्ता सोडून झाडावर आदळली आणि सोबत बसलेल्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी आणि मुलांनी भरपाई मागितली. न्यायाधिकरणाने ती दिली, पण हायकोर्टाने निकाल फिरवला.

अखेर 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. नीट चालवलेली गाडी रस्ता सोडून झाडावर जात नाही, म्हणजे घटनाच हलगर्जीपणाची साक्ष देते, असं कोर्टाने मानलं. मॅनेजर कंपनीच्या कामासाठी निघाला होता, म्हणून जबाबदारी कंपनीची. तोवर अपघाताला 16 वर्षं उलटली होती.

मालक कधी सुटतो?

कळीचा प्रश्न एकच: ते काम मालकाचं होतं का?

अहमदाबादच्या एका खटल्यात मालकाने गाडी टॅक्सी म्हणून चालवायला एकाकडे सोपवली होती. त्याच्या हाताखालच्या माणसाने ती लायसन्सच्या परीक्षेसाठी नेली आणि अपघात झाला. लायसन्स काढणं हे मालकाचं काम नव्हतं, म्हणून 1966 मध्ये सुप्रीम कोर्टाने मालकाला जबाबदार धरलं नाही.

1978 च्या निकालात एका ग्राहकाने ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला रक्कम दिली होती. त्याने ती हडपली. तो व्यवहार बँकेच्या कामाचा भाग नव्हता, म्हणून बँक जबाबदार ठरली नाही. थोडक्यात, पैसे काउंटरवरच भरा आणि शिक्क्याची पावती घ्या.

स्वतःच्या पद्धतीने काम करणाऱ्या स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीलाही काम देणारा सहसा जबाबदार नसतो. पण काम मुळातच धोक्याचं असेल, तर हा बचाव चालेलच असं नाही.

तुमच्यावर वेळ आली तर?

एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घ्या. गाडीचा मालक आणि विमा कंपनी कोण, ते शोधा. चालक त्या वेळी कुणाच्या कामावर होता, याचे पुरावे जपा: मालाची पावती, फोनवरचे मेसेज, फेरीची नोंद.

मोटार अपघाताचा दावा अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या दावा न्यायाधिकरणात करता येतो. कायद्यात यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे वकिलाला लवकर भेटा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो.

आणि तुम्ही स्वतः मालक असाल, तर किल्ली देण्याआधी लायसन्स आणि विमा तपासा. गाडी दुसऱ्याच्या हातात गेली, तरी जबाबदारी तुमच्याकडेच राहते.