तेलविहिरीतील पाणी आणि पायसभंजक द्रव्ये

विहिरीतून वर येणारे खनिज तेल निर्भेळ असत नाही. त्याच्यासमवेत बहुधा खारे पाणीही येते. तेल व पाणी स्वभावतः एकमेकांत विरघळत नाहीत. तथापि नळ्या व झडपा यांतून वेगाने जाताना ती घुसळली जातात आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब तेलात विखुरतात. या मिश्रणास पायस म्हणतात. तेलातील डांबरी व राळेसारखी द्रव्ये प्रत्येक थेंबाभोवती चिवट पापुद्रा निर्माण करीत असल्यामुळे थेंब परस्परांशी एकरूप होत नाहीत व पायस दीर्घकाल टिकून राहते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांती या पायसाने मोठी हानी केली. असे तेल वाहिनीत घेण्यास वाहतूकदार राजी नसत. ते अल्प किमतीस विकावे लागे, नाही तर खड्ड्यांत जाळून टाकण्यात येई. उष्णता देण्याचा उपाय ज्ञात होता. परंतु त्यात इंधन खर्ची पडे व तेलातील हलका, मौल्यवान अंश उडून जाई. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल याने उच्च विद्युद्दाबाने थेंब एकत्र आणण्याची रीत शोधून १९११ साली तिची एकस्वे मिळविली. सेंट लुईसचा विल्यम बार्निकेल याने मात्र रसायनाचा मार्ग धरला. त्याच्या १९१४ च्या एकस्वात हिराकशीसारख्या द्रव्याचा उपयोग सांगितला आहे. पुढे त्याने साबणवर्गीय द्रव्यांचा अवलंब केला, आणि त्याचे ‘ट्रेटोलाइट’ हे पायसभंजक तेलक्षेत्रांत रूढ झाले.

यानंतरचा इतिहास हा मुख्यतः मात्रा घटत गेल्याचा इतिहास होय. आरंभीच्या साबणांची व गंधकाम्लाने संस्कारित एरंडेलादी तेलांची मात्रा दशलक्ष भागांस सुमारे १,००० भाग इतकी लागे. १९५० नंतर एथिलीन ऑक्साइड व प्रोपिलीन ऑक्साइड यांपासून बनविलेली बहुवारिके प्रचारात आली, आणि तेच कार्य त्याहून बऱ्याच कमी मात्रेत होऊ लागले.

या द्रव्यांचे रेणू थेंबाच्या पृष्ठभागी जाऊन तेथील डांबरी द्रव्यांस स्थानभ्रष्ट करतात. पापुद्रा दुबळा होऊन थेंब जुळतात. स्टोक्सच्या नियमानुसार थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग चौपट होतो. यावरून अल्प द्रव्याने एवढा परिणाम का घडतो, ते ध्यानी येते.

परंतु अधिक द्रव्याने अधिक लाभ होतो, असे नाही. मात्रा मर्यादेबाहेर गेल्यास पायस पुन्हा स्थिर होऊ शकते. नळ्या गंजू नयेत म्हणून विहिरीत सोडलेली काही द्रव्येही स्वतः पृष्ठक्रियाशील असल्याने पायसास बळकटी देतात. म्हणूनच, सिद्धांत बराच पुढे गेला असला तरी, प्रत्येक क्षेत्रातील तेलाचे नमुने बाटल्यांत भरून व निरनिराळी द्रव्ये घालून पाहण्याची जुनी परीक्षा सुटलेली नाही. एका विहिरीच्या तेलास लागू पडलेले द्रव्य शेजारच्या विहिरीस लागू पडेलच, असा भरवसा या शास्त्रास अद्यापि देता येत नाही.